काळ्या मातीतला पाया आणि ‘एक्स्ट्रा’चं बिल

नागपूरच्या बेसा भागातल्या प्लॉटवर स्क्वेअर फुटाच्या दराने काम दिलं, कॉलमचे खड्डे ५ फुटांवर गेले तरी काळी माती संपेना, आणि आता ठेकेदार ‘पाया खोल गेला, वरचे ठोक पैसे द्या’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. आमचं सगळ्यात मोठं नुकसान नेमकं इथेच झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोल जायला नाही म्हणू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फुटिंग, म्हणजे कॉलमखालची काँक्रीटची रुंद बैठक, पक्क्या मुरमावर टेकली नाही तर भिंतींना तडे जाणारच. पण ठोक रकमेला मात्र हो म्हणू नका, आधी हिशेब मांडा. समजा १२ कॉलम, खड्डा ५ बाय ५ फूट, आणि खोली ५ ऐवजी ८ फूट झाली. जास्तीची खोदाई प्रत्येकी ७५ घनफूट, म्हणजे एकूण ९ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). फुटिंग तीच, फक्त खाली उतरली. कॉलम ९ बाय १५ इंच असेल तर सगळे मिळून वाढीव काँक्रीट साधारण १ घनमीटर, म्हणजे एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ८ बोऱ्या. प्रत्येक कॉलमला १६ मिमीच्या ६ सळाखी धरल्या तर एकूण लोहा १०४ किलोच्या आसपास, रिंगा वेगळ्या. वर सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), मुरमाचा भराव आणि माती वाहून नेणं. खड्ड्यात पाणी लागलं तर पंपाचा खर्च रास्त आहे, तो द्या. आकडे तुमच्या ड्रॉइंगवरून बदला. खोली मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल, माझ्या भरवशावर नको. काळा थर फारच जाड निघाला तर तो अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब, सुचवेल.

खरं तर दर ठरवण्याआधीच प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत जेसीबीने ८-१० फुटांचे खड्डे घेऊन बघायला हवं. आणि करारात एक ओळ हवीच: ‘पाया ५ फूट धरला आहे, त्याखाली खोदाई ब्रासने, काँक्रीट घनमीटरने, सळाख किलोने.’ तुमचं काम सुरू झालंय, तरी हे दर आज लिहून घ्या, सही झाल्यावरच पुढचा हप्ता. छज्जा, जिन्याचा टॉवर, सेप्टिक टँक मोजमापात धरले की नाही, तेही त्याच कागदावर. हे तोंडी ठेवणाऱ्या ठेकेदाराला माझ्या मते काम देऊच नये.

प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, खोदलेली काळी माती परत टाकू देऊ नका. गाडीभाडं वाचतं म्हणून हे सर्रास होतं आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचलते. मुरूमच, ६ ते ९ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस मारून ठोकणं.

लोहा धर्मकाट्यावर तोलून घ्या. पडताळायला सोपं सूत्र: व्यास मिमीत, त्याचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीला ०.८९ यायला हवं.

आणि प्लिंथ बीमपर्यंतचं काम मृगाच्या आत उरका. उघड्या खड्ड्यांत पाणी शिरलं की कडा ढासळतात, तळाचा चिखल पुन्हा काढावा लागतो आणि त्याचंही बिल तुमच्याच नावे येतं.