एमआरआयमधला 'गॅप' आणि माझे वाया गेलेले सात आठवडे

तुम्ही लिहिलंय, वय ४१, कंबर धरून दहा दिवस झाले, एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर फुगलेली), आणि आता तीन आठवडे आडवं पडून राहा, उठलात तर पट्टा बांधा, असं सांगितलंय. तुमचं हे वाचलं आणि २०१६ सालची माझीच फाइल समोर आली. मी डॉक्टर नाही. सोसलंय आणि नंतर बरंच वाचलंय, एवढंच.

शेक, गोळ्या वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. माझं नुकसान केलं ते त्या रिपोर्टने. एका क्लिनिकमध्ये फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही." पाठीला हात लावला नाही, पाय उचलून बघितला नाही. मी घाबरले आणि सात आठवडे पलंग धरला. रोज ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), त्याचे रोज पैसे. शेवटी शेवटी बाथरूमपर्यंत जाताना मांड्या थरथरायच्या. खाली पडलेला चमचा उचलायला सासूबाईंना हाक मारायचे. दुखणं होतं तेवढंच होतं.

चाळिशीतल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन काढले तर साधारण निम्म्यांत डिस्क बल्ज दिसतो. २०१५ साली तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा निघाला होता, त्यात हे आहे. ही एक ओळ मला कोणी सांगितली असती तर! आडवं पडण्याबद्दल तर फिनलंडमध्ये १९९५ सालीच पाहिलं होतं. दोनच दिवस झोपून काढलेले लोक, झेपेल तसं रोजचं काम करणाऱ्यांपेक्षा उशिरा बरे झाले. मी सात आठवडे झोपले.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी पाय सरळ वर उचलून बघितला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, अंगठ्याचा जोर पाहिला आणि म्हणाले, "पट्टा काढा. उद्यापासून दहा मिनिटं चाला, दुखलं तरी."

पट्ट्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पण जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलंय. नुसत्या पॅरासिटामॉलवरही फार भिस्त ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या चाचणीत त्याने कंबर लवकर बरी झाली नाही.

चालणं मात्र सोडू नका. २०२४ च्या एका चाचणीत, हळूहळू वाढवत नेमाने चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मधल्या हिशोबाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली.

हे सगळं साध्या कंबरदुखीपुरतं. लघवी अडकली किंवा नकळत झाली, बैठकीच्या जागी बधिर वाटलं, पायाचा पंजा लुळा पडला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. ताप, घटणारं वजन, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असेल तरी थांबू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे आढळतो, तिथे 'चाला, बरं वाटेल' चालत नाही.

तुमच्या पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा फाइल बाजूला ठेवून आधी पाय तपासायला सांगा.