मॉनिटरने सांगितलेले कोण ऐकतो?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांनीच वर्गमित्रांना आहार, व्यायाम, तंबाखू यांविषयी सांगायचे, असा उपक्रम आम्ही गेल्या वर्षी केला. प्रत्येक वर्गातले दोन मॉनिटर घेतले, तक्ते झाले, प्रार्थनेच्या वेळी भाषणे झाली. फरक काही दिसला नाही. काय चुकले?
– माध्यमिक शिक्षिका, वाळपई

उत्तर : निवड चुकली. मॉनिटर म्हणजे बाईंचा माणूस, हे मुले धरूनच चालतात. त्याने तंबाखूचा विषय काढला की बाईच बोलताहेत असे त्यांना वाटते.

निवड वर्गाच्या हाती द्या. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. स्वतःचे नाव लिहायचे नाही. प्रश्न तीनच : अडचण आली तर वर्गात कोणाला विचारशील? खेळात, गॅदरिंगमध्ये कोणाचे ऐकतोस? कोणासारखे व्हावेसे वाटते? मुलगे आणि मुली यांची मते वेगळी मोजा, नाहीतर एकाच बाजूची नावे वर येतात. चाळीसच्या वर्गातून वरची सात नावे घ्या; हेच तुमचे आरोग्य-साथी. वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांत १२-१३ वर्षांच्या मुलांसाठी धूम्रपानाविरुद्ध असा प्रयोग झाला होता. त्यातल्या जवळपास निम्म्या शाळांत त्या इयत्तेतल्या, सर्वांत जास्त जणांनी सुचवलेल्या १७.५ टक्के मुलांना बोलावले, दोन दिवस शाळेबाहेर तयारी करून घेतली आणि पुढचे दहा आठवडे त्यांनी फक्त मित्रांशी गप्पा मारल्या. पुढच्या दोन वर्षांत त्या शाळांत धूम्रपान बाकीच्या शाळांपेक्षा कमी आढळले. हे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. भाषण, तक्ता यांतले तिथे काहीच नव्हते.

चिठ्ठ्यांतून एखादे वांड नाव हमखास निघेल. ते गाळू नका. मागच्या बाकावर त्याचाच शब्द चालतो. तो स्वतः पुडी खात असेल तर सोडायची तयारी आहे का, एवढे एकांतात विचारा.

तयारीच्या दोन दिवसांत माहितीला दोन तासांहून जास्त वेळ देऊ नका. उरलेला वेळ जोडीजोडीने संवादाचा सराव करू द्या. ‘गुटखा खाऊ नको, कॅन्सर होतो’ म्हटले की समोरचा हसून निघून जातो. ‘दिवसाला किती पुड्या होतात? महिन्याचे किती गेले?’ असे विचारले तर तो स्वतःच हिशेब घालतो. रोजच्या वहीत एकच ओळ लिहायला सांगा : विषय काय, समोरचा काय म्हणाला. नाव लिहायचे नाही. दहा आठवड्यांत तीन-चारदा साथींना अर्धा तास एकत्र बसवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात वह्या कोऱ्या राहतात. चतुर्थीची सुट्टी मध्ये येऊ देऊ नका, तिच्यानंतरच सुरुवात करा.

परिणाम मोजताना ‘तू साधारणपणे काय खातोस?’ असे विचारू नका. मुले शहाणे उत्तर देतात. ‘काल थंड पेय किती वेळा प्यायलास?’ असे विचारा. सुरुवातीला आणि संपल्यावर दोन महिन्यांनी, दोन्ही वेळा बिननावी.

प्रश्न : मी नववीत आहे, आरोग्य-साथी आहे. ऑफ तासाला वीस मिनिटे मिळतात. व्याख्यान न देता काय दाखवू?
– एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : साखर दाखव. थंड पेयाची रिकामी बाटली, काचेचा ग्लास, चमचा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आण. लेबलवर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसत्तावीस ग्रॅम. आकडा तू सांगू नकोस. आधी सगळ्यांना अंदाज फळ्यावर लिहू दे, मग एका मुलाकडून काट्यावर तेवढी साखर मोजून ग्लासात ओतून घे. चमच्याने मोजलीस तर शिगोशीग भरलेल्या आणि सपाट चमच्यात मोठा फरक पडतो, म्हणून काटा. पावसाळ्यात साखर ओलसर होते, डबा घट्ट झाकून आण. बाटलीच्या पाठीमागे कधीकधी ‘एका सर्व्हिंगला’ (एका वेळच्या मापाला) असा आकडा असतो आणि बाटलीत दोन सर्व्हिंग असतात. इथेच बहुतेक जण फसतात.

वर्गात कोणाचे वजन मात्र करू नकोस, गंमत म्हणूनही नाही. ज्याचे जास्त भरेल, तो पुढच्या वेळी तुझ्या तासाला बसणार नाही.

व्यायामासाठी, जागतिक आरोग्य संघटना तुमच्या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे हालचाल सुचवते. जोर पुरेसा आहे का, हे ओळखायला सोपी खूण : बोलता येते, गाता येत नाही. जून ते सप्टेंबर मैदानात पाणी साचते, तेव्हा व्हरांड्यात दोरीच्या उड्या आणि लंगडी चालेल. ओल्या जिन्यावर धावणे नको.

प्रश्न : माझी मुलगी साथी आहे. मैत्रिणीने जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलून दाखवले आणि ‘कोणाला सांगू नको’ म्हटले, तर तिने काय करावे?
– पालक, फोंडा

उत्तर : सांगायचे, त्याच दिवशी, नेमलेल्या शिक्षिकेला. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द साथीने कधीच द्यायचा नाही, हे तयारीच्या पहिल्या दिवशीच ठरवून घ्यायला हवे. गुपित सांभाळणे आणि जीव सांभाळणे यांत चौदा वर्षांच्या मुलीला एकटीने निवड करायला लावू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८, दोन्ही साथींच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत. मैत्रिणीला एकटे सोडायचे नाही, मोठे माणूस येईपर्यंत तिच्याजवळ बसायचे. समजूत घालायची नाही.

प्रश्न : शाळेच्या फाटकासमोर गाडा लागतो. मुलांनी सांगून काय उपयोग?
– वाचक, डिचोली

उत्तर : मुलांनी गाडेवाल्याशी वाद घालायचा नाही. अन्न सुरक्षेच्या २०२० च्या नियमांनुसार फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत, आणि २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. अंतर मोजून पालक-शिक्षक संघाने मुख्याध्यापकांच्या सहीने अन्न व औषध प्रशासनाला पत्र द्यावे. पण आधी स्वतःच्या कँटीनमधले पॅटीस पाहा.