नाव ठेवायच्या आधी

विश्रामबाग, सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली रात्री दोनदा वाचली. पाचव्या रकान्यावर अडलो: ‘पाणी चोरणाऱ्यांची माहिती’. तुझं गाव टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, वडील पाण्याच्या पाळीची वाट बघून थकलेत, सगळं ठाऊक आहे मला. तरी तो रकाना खोड. ही वही घेऊन हेडच्या, कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावात गेलीस तर चहासुद्धा मिळणार नाही, उत्तर लांबच. नाव ठेवायच्या आधी ऐकून घे.

संशोधन करू की मोर्चात जाऊ, म्हणतेस. मोर्चात जा की, कोण अडवतंय? आटपाडीत १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा भरल्या, त्या काय गप्प बसून? पण बोलणी करणं म्हणजे शेपूट घालणं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? साताऱ्याचे रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये, इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडत राहिले. राज्य १८४८ ला खालसा झालंच. पुढे १८५७ च्या कटात त्यांचंच नाव. इंग्रजांच्या दफ्तरात बंडखोर एवढाच शिक्का, चौदा वर्षांचं बोलणं त्याखाली गडप.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांनी १९७० साली मांडलं ते तू परीक्षेपुरतं पाठ केलंयस. हक्काचं वाटतं ते आणि पदरात पडतं ते, यातली तफावत माणसाला पेटवते. शिवारात लावून बघ ना! कालवा नव्हता तेव्हा सगळे टँकरच्या एकाच रांगेत होते. शेजाऱ्याचा ऊस हिरवा दिसला आणि कुऱ्हाडी निघाल्या. हेडवाल्याचीही काही तफावत असेल, कालव्यात जमीन गेली असेल त्याची. विचारलंस?

मी नाही विचारलं. म्हणजे विचारलं, पण लिहिलं नाही. १९८१ साली धरणग्रस्तांच्या एका लढ्यावर प्रबंध करत होतो. घराचे पैसे सगळ्यांत आधी उचलले म्हणून एकाला गावानं फितूर ठरवलेलं. तो म्हणाला, “सर, माझ्या नावावर गुंठा नाही. जमिनीला जमीन मिळाली असती तर ती मालकाला. मी कशासाठी थांबू?” अकरा पानं उतरवून घेतली, प्रबंधात एक ओळ नाही. ज्यांच्या घरी जेवलो त्यांना दुखवायचं कसं, नोकरी कायम व्हायची होती, लढाही ऐन भरात होता. यातलं काही खोटं नाही. पण ‘फितूर’ हा शब्द मला सोयीचा पडला, हेही खरं.

आणि ऐकलं म्हणजे मान्य केलं, असं तोंड करू नकोस. टेलचं पाणी टेललाच मिळालं पाहिजे. ठिय्याला बसशील तेव्हा गुडघे धरून मीही येईन. पण नाव ठेवायच्या आधी, बाई, ऐक.

मंगळवारी हेडच्या गावात जाऊन ये, पाचवा रकाना कोरा ठेवून. रविवारी इकडे ये. ती अकरा पानं काढून ठेवलीत, कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण अक्षर लागतं.

तुझा,
सर