हवा बदलली की त्वचेच्या काळजीच्या रूटीनमध्ये काय बदलायचं?
सगळं एकदम बदलू नकोस. क्लीन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन हे तिन्ही कायम ठेव. दमट उकाड्यात मॉइश्चरायझर म्हणून हलकं जेल पुरतं. कोरडी थंडी पडली की त्वचेतलं पाणी भराभर उडतं. तेव्हा ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारे घटक) असलेलं घट्ट क्रीम घे आणि चेहरा ओलसर असतानाच लाव, याने खरंच खूप फरक पडतो. कढत पाणी टाळ. चेहरा चुरचुरायला लागला तर रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार) आणि मृत त्वचा काढणारी ॲसिड असलेली उत्पादनं काही दिवस बंद, अगदी बंद! सनस्क्रीन मात्र ढगाळ दिवशीही हवंच: एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ३० किंवा जास्त, बाहेर असशील तर दर २ तासांनी पुन्हा. नवीन काही आणलंस तर एका वेळी एकच सुरू कर, म्हणजे त्रास कशाने झाला ते कळेल.