फडाला टोळी नाही, पदवीधराला काम नाही

प्रश्न : माझा मुलगा बी.ए. होऊन घरी बसला आहे आणि माझ्या उसाला तोडणीची टोळी मिळत नाही. हे कोडे काय आहे? (एक शेतकरी, वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : मजुरांचा बाजार एकच नसतो. बीडहून ऊसतोडीला येणारे जोडपे मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्याची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडण्यासाठी येते, पाचटाच्या कोपीत (झोपडीत) राहते आणि पहाटेच्या अंधारात फडात उतरते. उचलीने बांधलेले हे हंगामी काम नाकारणाऱ्या पदवीधराला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. टोळीऐवजी ऊस तोडणाऱ्या यंत्रांना मात्र चालक आणि हायड्रॉलिकची दुरुस्ती जाणणारे कारागीर लागतात. हंगामाच्या तोंडावर त्यांचा शोध घेण्यापेक्षा कारखान्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, विद्यावेतन देऊन, त्यांना आधीच घडवायला हवे. मुलाने जवळच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी.