एक्स-रे चांगला, मग हात वर का जात नाही?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली दिवसभर हात वर धरूनच काम चालतं. यंदा उजवा हात पूर्ण वर जाईना, फऱ्याजवळ ठणकतं. एक्स-रेत काही निघालं नाही. भिंतीला हात टेकले की उजवा फरा बाहेर आलेला दिसतो, असं सून म्हणते. काय असेल?

उत्तर : ताई, सूनबाईंनी एक्स-रेपेक्षा कामाची गोष्ट पाहिली. एक्स-रेत हाडं दिसतात. आणि खांदा धडाला हाडाने जोडलेला असतो तो एकाच जागी, गळ्याखाली, जिथे कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळतं. बाकी अख्खा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, बरगड्यांवर स्नायूंच्या भरवशावर असतो.

हात डोक्यावर नेताना फरासुद्धा फिरतो. १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० फरा फिरल्यामुळे. तो फिरवतात मुख्यतः दोन स्नायू. एक ट्रॅपेझियस, मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला. दुसरा सेरेटस अँटीरियर, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून निघून तो फऱ्याखालून मागे जातो आणि फऱ्याच्या मणक्याकडच्या कडेला चिकटतो. फरा बरगड्यांना धरून ठेवणं हे त्याचंच काम. तो कमजोर पडला की भिंत ढकलताना फरा पंखासारखा उचलला जातो. मग मणका आणि फरा यांच्या मधले स्नायू ताणून धरतात आणि दुखतात. तिथेच आपण बाम चोळत बसतो!

सेरेटसची नस मानेतून निघून छातीच्या कडेने, फारशा आडोशाशिवाय, खाली उतरते. खांद्यावरच्या ओझ्याच्या पट्ट्याने ती दबू शकते. म्हणून विचारते, फवारणीचा पाठीवरचा पंप तुम्हीच घेता का? घेत असाल तर आजपासून बंद.

अस्थिरोगतज्ज्ञांना फरा उघडा करून, भिंत ढकलून दाखवा. नसेचा संशय आला तर ते ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांचे विजेचे संकेत मोजणारी तपासणी, सांगतील. नस दबलेली असली तरी बहुतेकांची हळूहळू सुधारते, पण महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. व्यायाम तपासणीनंतरच. एवीतेवी विरळणी थांबणार नाही, ठाऊक आहे मला. निदान पायाखाली भक्कम स्टूल घ्या, घड छातीच्या उंचीला आले पाहिजेत. रोजंदारीवर येणाऱ्या बायकांनाही द्या.