कंदाचा बेगोनिया बियांपासून: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मार्चमध्ये कंदाच्या बेगोनियाचे बी पेरले. उगवण चांगली झाली, पण एप्रिलअखेर रोपे एकेक करून आडवी पडली. बेळगावची हवा तर थंड म्हणतात, मग चुकले कुठे? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: महिना चुकला. या बेगोनियाचे पूर्वज बोलिव्हिया आणि पेरूमधल्या अँडीज पर्वतातले. त्याला दिवसा 20 ते 24 आणि रात्री 15 ते 18 अंश तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 35 च्या आसपास जातो आणि नेमके तेव्हा तुमचे रोप दोन पानांचे असते. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र बेळगाव-खानापूर पट्ट्यात दिवसाचे तापमान 25-26 अंशांवर राहते. उगवणीला 21 ते 24 अंश लागतात, ते घरबसल्या मिळतात. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसाचा थेंब येणार नाही अशा छपराखाली पेरा. पेरणीपासून फुलापर्यंत पाच-सहा महिने जातात, म्हणजे फूल ऐन थंडीत येते.

रोपे आडवी पडली ती बुरशीने. मातीलगत देठ काळपट पडून दोऱ्यासारखा बारीक झाला असेल, तर ही कोलमडच. बागेतली तांबडी माती आणि शेणखत रोपांच्या ट्रेमध्ये अजिबात नको. धुऊन चाळलेले कोकोपीट तीन भाग आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग घ्या, त्यावर उकळते पाणी ओता, निथळू द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच पेरा.

बी अक्षरशः धुळीसारखे असते. निपाणीकडे तंबाखूचे तरू टाकताना बी राखेत किंवा वाळूत मिसळतात, तेच इथे करा: चमचाभर कोरड्या बारीक वाळूत बी मिसळून दुमडलेल्या कागदावरून हलक्या टिचक्या मारत सोडा. वर मातीचा थर देऊ नका, कारण हे बी उजेडाशिवाय उगवत नाही. वरून पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते, म्हणून ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवावा. वर काच ठेवा, पण ऊन थेट पडू देऊ नका. काचेखाली तासाभरात सगळे शिजते. दहा ते पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागले की काच रोज थोडी थोडी सरकवा आणि आठवडाभरात काढून टाका. कोलमड दिसलीच, तर तेवढा भाग चमच्याने उचलून फेका आणि उरलेल्यावर कॅप्टन हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम फवारा.

गोळी केलेले, म्हणजे वर वेष्टन चढवलेले बी असेल तर वाळू नको. पहिले दोन दिवस ते सतत ओले राहिले पाहिजे, नाहीतर वेष्टन अर्धवट विरघळून कडक होते आणि आतला कोंब अडकतो.

प्रश्न: ऑगस्टमध्ये पेरलेली रोपे ऑक्टोबरपर्यंत ठणठणीत होती. मग वाढ थांबली, पाने पिवळी पडून गळाली. उपटून पाहिले तर खाली हरभऱ्याएवढा कंद. खत कमी पडले का? (निपाणी)

उत्तर: नाही, उजेड कमी पडला. आमच्या मते आपल्या भागात बियांपासून बेगोनिया फसण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण हेच आहे. दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला की हे झाड थंडी आली असे समजून वाढ सोडते आणि सगळे बळ कंदात घालते. सप्टेंबरअखेर आपला दिवस बारा तासांच्या खाली उतरतो, डिसेंबरमध्ये तो सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो.  चार पानांच्या रोपाचा तर तिथेच मुक्काम पडतो.

उपाय स्वस्त आहे. 20 सप्टेंबरपासून रोपांच्या वर साधारण एक मीटरवर 9 वॉटचा पांढरा एलईडी बल्ब संध्याकाळी सहा ते रात्री नऊ लावा. दिवस लांब आहे एवढेच झाडाला कळायला हवे, त्याला प्रखर उजेड लागत नाही. फुलोरा संपेपर्यंत एकही संध्याकाळ चुकवू नका. टायमर लावलेला उत्तम.

खताचे म्हणाल, तर पहिले खरे पान आल्यावर आठवड्यातून एकदा 19:19:19 हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको. दोन-तीन पानांवर टूथपिकने रोप उचलून कप्प्यांच्या ट्रेमध्ये लावा. हात लावायचा तो पानाला, देठाला नाही. पुढे तीन इंची, मग सहा इंची कुंडी. शेवटच्या कुंडीत लावताना पानांची टोके ज्या बाजूला वळलेली असतील ती बाजू समोर ठेवा. फुले त्याच बाजूला तोंड करतात.

प्रश्न: अथणीला जमेल का? पाणी बोअरचे आहे. (अथणी)

उत्तर: मोठ्या डबल फुलांच्या जाती तिकडे घेऊ नयेत. 30 अंशांवर कळ्या गळतात आणि तुमच्याकडे थंडी लवकर सरते. बोलिव्हिएन्सिस गटातली 'सांताक्रूझ' ही लोंबती जात उष्णता बरीच सोसते आणि बियांपासून येते. बोअरच्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात, तेव्हा पावसाचे पाणी साठवा किंवा आरओचे वापरा.

प्रश्न: एकाच झाडावर काही फुले भरगच्च, काही एकेरी का? (खानापूर)

उत्तर: भरगच्च ते नर फूल, एकेरी ते मादी, मादीच्या पाठीमागे तीन पंखांचा बीजकोश दिसतो. नर फूल मोठे हवे असेल तर मादी कळ्या खुडा. संकरित झाडाचे बी धरून पेरले तर तीच फुले मिळणार नाहीत.

फुलोरा संपला की बल्ब बंद करा आणि पाणी हळूहळू तोडा. खोड ओढू नका, ते सांध्यापाशी आपोआप सुटते. ओढून तुटलेला तुकडा कंदावर राहिला तर कूज तिथूनच सुरू होते. कंद आठवडाभर सावलीत सुकवून, कोरड्या कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. उघड्यावर ठेवले तर मेच्या उन्हाळ्यात सुरकुतून जातात. जूनमध्ये खोलगट बाजू वर करून लावा आणि त्या खोलगटात पाणी साचू देऊ नका.